लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीच्या यादीत मोबाइल नंबरांमध्ये डॅश, स्पेस, कंस घुसलेत. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ते कसे काढायचे?

रेगएक्स्प_रिप्लेस(मोबाइल, '[^0-9]', '', 'जी') वापरा (फंक्शनचं नाव आणि 'जी' प्रत्यक्षात रोमन अक्षरांत): आकडा नसलेलं सगळं निघून जाईल. शेवटचा 'जी' विसरू नका, कारण पोस्टग्रेस त्याच्याशिवाय फक्त पहिलं सापडलेलं अक्षर काढतं. डॉक्युमेंटेशनमध्येही तसंच दिलंय. मायएसक्यूएल 8 या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र याच नावाचं फंक्शन मुळातच सगळी काढतं, तिथं 'जी' लागत नाही.

आपल्याकडच्या याद्यांत आणखी एक अडचण हमखास येते. कुणीतरी नंबर देवनागरी आकड्यांत टाकलेला असतो, आणि वरचा पॅटर्न तो अख्खा पुसून टाकतो. म्हणून आधी ट्रान्सलेट(मोबाइल, '०१२३४५६७८९', '0123456789') चालवा, त्याच्या उत्तरावर रेगएक्स्प. एका रकान्यात दोन नंबर असतील तर ते चिकटून वीस आकडी होतील, तेव्हा अपडेट करण्याआधी सिलेक्टमध्ये लांबी तपासा. +91 असलेले बारा आकडी निघतील. त्यांना राइट(…, 10) पुरे.

असा 'नको ते काढा' झाडू नावांच्या रकान्यावर मात्र फिरवू नका. काही कीबोर्डांवर बोऱ्हाडे, गोऱ्हे यांतला 'ऱ्ह' न दिसणाऱ्या शून्य-रुंदी जोडक अक्षरावर उभा असतो. ते 'नको असलेलं' म्हणून काढलं की बोर्हाडे होतं आणि शेतकऱ्याचं आडनावच बिघडतं. तिथं फक्त मागचीपुढची स्पेस ट्रिमने काढा.