तळ्यावरचे प्रश्न : गळाला चिलापीच का लागते?

प्रश्न : येरळवाडीच्या तलावावर गळ टाकतो. कणकेची गोळी लावली की दोन मिनिटांत गळ रिकामा. लागलीच तर वीतभर चिलापी. रोहू, मृगळ लागायला काय करावं? (वाचक, ता. खटाव)

उत्तर : चिलापीला नावं ठेवण्याआधी तुमची गोळी किती खोल लोंबतेय ते बघा. चिलापी काठच्या उथळ, कोमट पाण्यात घोळक्यानं फिरते. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात, तर मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला. म्हणून आधी काठापासून थोडं दूर तळ मोजा. गळाला बूच (पाण्यावर तरंगणारी खूण) बुडवील एवढं शिसं अडकवून टाका. बूच बुडालं तर खाली तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) वाढवा, आडवं पडलं तर कमी करा. बुचाचं टोक जेमतेम दिसू लागलं की गळ तळाला टेकला. मृगळासाठी तिथंच ठेवा, रोहूसाठी हातभर वर घ्या.

आमिष म्हणून मका वापरा. दाणे रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण तास शिजवायचे. चिमटीत दबले पाहिजेत, पण साल फाटता कामा नये. चिलापी दाणा चघळत बसते, पण तो कणकेसारखा चटकन सुटत नाही. कणीकच हवी असेल तर पाव किलो कणकेत १०० ग्रॅम भुईमुगाची पेंड बारीक करून घाला आणि चिमूटभर पिंजलेला कापूस मळताना मिसळा. पाणी चमच्याचमच्यानं. गोळी सुटते ती बहुतेक वेळा सैल मळल्यामुळे.

गळ ६ नंबरचा (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), तंगूस ०.३० मि.मी. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि तंगूस तिथंच कमजोर होतो. मोठा मासा गाठीतच तोडून जातो, आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो.

जागेवर चारा टाकायचा तर दोन भाग भाताचा कोंडा, एक भाग पेंड आणि गोळा बुडावा म्हणून थोडी माती. लिंबाएवढे पाच-सहा गोळे एकाच ठिकाणी, मग अर्ध्या तासानं एखादा. बादलीभर ओतलात तर मासा चाऱ्यावरच पोट भरेल.

आता बुचाकडे लक्ष. टकटक हललं तर चिलापी. हळूच एका बाजूला सरकत बुडालं तर बहुधा रोहू. मृगळाची तऱ्हा वेगळी : शेवटचं शिसं तळाला टेकलेलं असेल, तर तो आमिष उचलतो तेव्हा बुचावरचा भार सुटतो आणि बूच उलट वर येऊन आडवं पडतं. पुष्कळजण ते बुडायची वाट बघत बसतात. झटका बूच आडवं पडताच द्यायचा असतो.

प्रश्न : शेततळ्यातलं पाणी हिरवंगार झालंय. पहाटे कटले वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, काही मेलेही. चुना टाकू का? (वाचक, आटपाडी)

उत्तर : आत्ता चुना नको. हे प्राणवायूचं दुखणं आहे. पाणी हिरवं करणारं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र माशांबरोबर तेही तो वापरतं. त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यांत कमी असतो. त्यात ऊन. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशाला साधारण साडेसात. हिरव्या पाण्याचा सामू (pH) दुपारी आधीच चढलेला असतो. चुन्यानं तो आणखी चढतो आणि पाण्यातल्या अमोनियाचं विषारी रूप वाढतं.

खाद्य आणि शेण दोन-तीन दिवस पूर्ण बंद. पहाटे तीनपासून चांगलं उजाडेपर्यंत पंप चालवा. वरच्या थरातलं पाणी उचलून भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून परत पाडा. तळाचं उचललंत तर कुजका गाळ ढवळेल. बोअरचं पाणीही असंच उंचावरून पाडा, कारण त्यात प्राणवायू कमीच असतो. पुढं रोज हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून बघा : कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झालंय. वळवाआधीच्या ढगाळ, कुंद दिवसांत जास्त सावध. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ९०० बोटुकल्यांच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) पुढं जाऊ नका. प्लास्टिक अंथरलं असेल तर मृगळ कमीच सोडा. त्याला चरायला चिखल लागतो.

प्रश्न : पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात. धरायला काय हरकत? (वाचक, ता. शिराळा)

उत्तर : ते अंडी घालायला चढतात. पोटात गाभोळी असलेली मादी धरली की पुढची वीणच गेली. ओढा अडवून सापळा लावणं तर फारच वाईट, एक मासा वर जात नाही. अंडी घालून परतणाऱ्यांसाठी थांबा. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणं कायद्यानं गुन्हा आहे.

प्रश्न : कोयनेच्या जलाशयावर गळ टाकता येतो का? (वाचक, पाटण)

उत्तर : शिवसागराचा, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा, बराच भाग कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. आधी वन विभागाला विचारा. इतर तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथं संस्थेची परवानगी घ्या. धरणाच्या पायथ्याला मात्र बसू नका; विसर्ग सुरू झाला की पाणी बघताबघता चढतं.