कॅल्गरीला येताय? आधी ठिणगीचं बघा

तुम्ही विचारलंय : जानेवारीत नागपूरहून कॅनडातल्या कॅल्गरीला येतोय, सोबत बायको, सातवीतला मुलगा, डेस्कटॉप आणि दोन हार्ड डिस्क. तिथे म्हणे कशालाही हात लावला की चटका बसतो. त्यानं वस्तू खराब होतात का? आणि एकटं वाटतं का?

भाऊ, वस्तू खराब होऊ शकतात. व्हिसा, बँक, विमा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

मूळ कारण कोरडी हवा. बाहेर उणे २० अंश असताना एका घनमीटर हवेत जेमतेम १ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांवर तापली की तिच्यात १८ ग्रॅम मावली असती. म्हणजे आर्द्रता ५-६ टक्के. आपला श्वास आणि स्वयंपाक मिळून ती कशीबशी १५-२०वर नेतात. नागपूरचा मे काही कमी कोरडा नाही, पण तिथे पायाखाली फरशी, अंगात सुती आणि खिडकीत कूलर. इथे लाकडी घर, नायलॉनचं कार्पेट, पायात मोजे, अंगात फ्लीस. चार पावलं चाललात की अंगावर हजारो व्होल्टची स्थिर वीज साठते, तीच चटका देते. माणसाला साधारण ३,०००च्या पुढे चटका जाणवतो, तर उघड्या चिपला कधी १००सुद्धा जड जातात. म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ याला अर्थ नाही. चिप लगेच मरतेच असंही नाही. अर्धवट दुखावते आणि महिन्यांनी मशीन विनाकारण अडकायला लागतं.

टीव्ही, फोन अशा आवरणात बंद असलेल्या वस्तूंना भीती कमी. त्यांची दुखरी जागा म्हणजे यूएसबी, एचडीएमआय, हेडफोनची भोकं. केबल खोचण्याआधी सॉकेटच्या पट्टीवरच्या स्क्रूला किल्ली टेकवा. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये तो सहसा अर्थिंगला जोडलेला असतो, आणि किल्लीमुळे बोटाला चटका लागत नाही. जुन्या घरात दोनच भोकं असतील तर अर्थिंग नाही असं धरून चाला. नळावरही विसंबू नका, नव्या घरांत पाइप प्लास्टिकचे असतात. नागपूरच्या बर्डी बाजारातून स्टॅबिलायझर, स्पाइक बस्टर मुळीच आणू नका : ते २३० व्होल्टचे, इथे १२० आहेत, आणि ही ठिणगी तारेतून येत नाही, तुमच्या बोटातून येते.

हार्ड डिस्क चंदेरी शिल्डिंग पिशवीत घाला, त्यावर बबल रॅप. गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी स्वतः चार्ज होत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवत नाही. थर्मोकोल नको. डेस्कटॉप इथे उघडाल तेव्हा प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, अंगावरचा चार्ज उतरवणाऱ्या मनगटपट्टीचा चिमटा केसच्या रंग नसलेल्या धातूला लावा, मगच रॅमला हात, तोही कडेनं. पट्टीत १ मेगाओहमचा रेझिस्टर हवा. नुसती तार बांधली तर चुकून चालू वीज लागली की तुम्हीच वाटेत येता. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याचं प्लास्टिकचं तोंड स्वतःच चार्ज होतं.

खरा इलाज ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र. वात असलेला घ्या, आपल्या कूलरचा धाकटा भाऊच तो. कंपनानं धुकं उडवणाऱ्या अल्ट्रासॉनिकमध्ये इथलं क्षारांचं पाणी घातलं की पांढरी पूड उडून मशीनवरच बसते. शिवाय आर्द्रता मोजायला हायग्रोमीटर घ्या. आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा, पण बाहेरचं तापमान उणे २०च्या खाली गेलं की २० टक्क्यांवर आणा, नाहीतर खिडक्यांवर पाणी धरतं आणि चौकटी बुरशीनं काळ्या पडतात. घरातला प्रत्येक टक्का मोजत बसणाऱ्याला बाकी फारसं काही हातात राहिलेलं नसतं, हेही कबूल करतो.

मुलालाही किल्लीची सवय लावा, शाळेच्या लॅपटॉपचं चार्जिंगचं भोक आधी जातं. शाळेवरून आठवलं : मार्कशीट, टीसी, सगळं साक्षांकित करून आणाल, वर्ग शेवटी वयावरूनच ठरतो. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलालाही इंग्रजीच्या चाचणीला बसवतात. आमच्या मुलीला त्यावरून वेगळ्या तासाला बसवलं, आणि आम्ही मान डोलावली. ते अजून सलतं. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा : चाचणीत नेमकं काय तपासलं, आणि पुन्हा कधी घेणार? उत्तर लेखी मागा.

एकटं वाटतं का? वाटतं. फेब्रुवारीत जास्त. पुढे.

शेवटचं, विमानतळावरून येताना सामान गाडीच्या डिकीत गारठलं असेल तर डेस्कटॉपचं खोकं घरात आणून तसंच बंद ठेवा, किमान रात्रभर. गार धातूवर घरातली वाफ धरते. ओल्या बोर्डावर बटण दाबलं की मग पिशव्या-पट्ट्यांचा काही उपयोग नाही.