वाचकांचे प्रश्न: हुमण, कालची कडी आणि आईचे माप

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: सामान तेच, पद्धत तीच, तरी आईच्या हाताची चव येत नाही. चव हाताला असते हे खरेच. पण तो हात नेमके काय करत होता हे नीट पाहिले, तर त्यातली पुष्कळशी परत मिळते.

आई गेल्यापासून घरात बांगड्याचे हुमण (नारळाच्या वाटणातले माशांचे कालवण) मीच करते. तिरफळे घातली की कडवट होते, आणि ताटात वाढल्यावर पाणी वेगळे, चोथा वेगळा. कुठे चुकते? (एक वाचक, फोंडा)

हे दोन वेगळे दोष आहेत, ताई.

कडवटपणा तिरफळातून, म्हणजे त्या मसाल्याच्या फळातून येतो. सुके तिरफळ उकललेले असते आणि आत काळे, चकचकीत बी असते. ते काढून टाकायचे. वास आणि जिभेला येणारी झिणझिणी सालीत आहे, बी दाताखाली नुसते खडबडीत लागते. साल वाटणात घालून मिक्सरला लावली की कडूपणा सगळ्या रसात उतरतो. चार मध्यम बांगड्यांना आठ-दहा तिरफळे पुरेत. ती तळहातावर थोडी चुरडून दोन चमचे पाण्यात ठेवा आणि मासे घातल्यानंतर पाण्यासकट हुमणात सोडा. या हुमणात लसूण नको, दोन्ही वास एकमेकांवर चढतात.

आता चोथा. त्याचे कारण बहुतेक वेळा जाडसर वाटण हेच असते. एका नारळाचे अर्धे खोबरे, सात-आठ सुक्या मिरच्या, एक चमचा धणे, अर्धा चमचा हळद आणि सुपारीएवढी चिंच, एवढे सामान घ्या. मिरच्या आणि धणे अर्धा तास भिजवून आधी एकटेच वाटा, खोबरे मागाहून. सगळे एकदम घातले तर मिरचीची साल वाटली जाईपर्यंत भांडे तापते आणि खोबऱ्याला तेल सुटू लागते. गार पाणी थोडे थोडे घालत, थांबून थांबून वाटा. दोन बोटांत चोळल्यावर कण लागता कामा नये. रगड्यावर हे आपोआप साधत असे, कारण तिथे वाटण तापत नसे. मिक्सरवरही साधते, घाई केली नाही तर.

वाटणात दीड-दोन वाट्या पाणी घालून आधी रसच पाच-सहा मिनिटे उकळू द्या. हलके, फेसाळ बुडबुडे जाऊन जड बुडबुडे येऊ लागले की मीठ, मासे आणि तिरफळे घाला. आच मंद ठेवा, सहा-सात मिनिटे पुरतात. डाव घालू नका, भांडे फडक्याने धरून गोल हलवा. गॅस बंद केल्यावर वरून एक चमचा कच्चे खोबरेल. फोडणी नाही.

लहानपणी सकाळी पेजेबरोबर कालची कडी (ताकाची नव्हे, नारळाच्या वाटणातली माशांची) मिळायची. मी रात्रीची उरलेली कडी तापवतो, पण ती नुसती खारट आणि आंबट लागते. (एक वाचक, म्हापसा)

कालची कडी तापवायची नसते, आटवायची असते. आणि तिची तयारी रात्रीच करावी लागते.

जेवणे आटोपली की उरलेल्या कडीतून आमसोले आणि तिरफळे वेचून काढा. रात्रभर राहिली तर आमसोलांचा आंबटपणा आणि तिरफळांचा कडूपणा उतरतच राहतो. तुमची आंबट चव बहुधा इथलीच आहे. मासेही वेगळे काढा, नाहीतर सकाळी आटवताना त्यांचा भुगा होतो. मग कडीला एक खळखळून उकळी द्या, निवली की फ्रीजमध्ये ठेवा. पूर्वी ती चुलीच्या निखाऱ्यांवर राहत असे आणि म्हणून टिकत असे. ओट्यावर तशीच ठेवलेली नारळाची कडी आपल्या दमट हवेत सकाळपर्यंत आंबूस होऊ शकते.

सकाळी मातीच्या कुंडल्यात, मंद आचेवर, पाणी न घालता आटवा. तीन वाट्यांची एक वाटी झाली, कडेला तेल दिसू लागले आणि डाव फिरवल्यावर तळ क्षणभर उघडा पडला की झाली. आटताना मीठ वाढत नाही पण दाट होते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा विचार असेल तर रात्रीच कडीला मीठ थोडे कमी घाला आणि ताटात वरून घ्या. उकड्या तांदळाची पेज असेल तर ती अळणीच ठेवा. खारट, दाट कडी आणि अळणी पेज, ही जोडी आहे.

नवे कुंडले असेल तर ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिल्यांदा त्यात नुसती पेज शिजवा. तापलेल्या कुंडल्यात गार पाणी ओतू नका, तडकते.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) खतखत्यात, म्हणजे डाळ-नारळातल्या मिश्र भाजीत, सुरण घातला की घसा खाजतो. (एक वाचक, कुडचडे)

सुरणात आणि अळूच्या माड्यांत (कंदांत) सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. हाताला तेल लावून सुरण चिरा, फोडी चिंचेच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवा, मग वेगळ्या उकळून ते पाणी फेकून द्या. आमसोले सुरुवातीलाच डाळीत घालू नका, कारण आंबटात डाळ आणि भाज्या दडस (कडक) राहतात. तूरडाळ शिजली, मग मक्याची कणसे आणि सुरण, त्यानंतर मुळा, शेंगा, नीरफणस, शेवटी दुधीसारख्या मऊ भाज्या. सगळे शिजल्यावर वाटण, गूळ, आमसोले आणि तिरफळे.

सोलकढी फाटते, रंगही मातकट येतो. (एक वाचक, डिचोली)

आमसोलांचे पाणी गरम असताना नारळाच्या रसात ओतलेत तर ती फाटणारच. एका नारळाच्या रसाला आठ-दहा आमसोले एक वाटी साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि पिळून गार रसात मिसळा. पुन्हा आचेवर ठेवू नका. मातकट रंग म्हणजे आमसोले जुनी. चांगले आमसोल वाकवल्यावर वाकते, मोडत नाही. त्यावर मिठाचा थर असेल तर वेगळे मीठ चव पाहूनच घाला.

आजी थकली आहे. तिचे पदार्थ लिहून ठेवायचे आहेत, पण विचारले की ती "बघून घालायचे" एवढेच म्हणते. (एक वाचक, काणकोण)

हे काम पुढे ढकलू नका. आणि तिला माप विचारू नका, ते तिच्याकडे आकड्यांत नाहीच. एक साधा वजनकाटा आणा. मिठाची बरणी, तिखटाचा डबा, गुळाची ढेप, सगळे तिने हात लावण्याआधी तोला आणि तिचे झाले की पुन्हा तोला. जो फरक येईल ते तिचे माप. तिला मध्येच थांबवावे लागत नाही. खोबऱ्याची मूठ मात्र ताटलीत टाकायला सांगून तोला. तुमची मूठ तिच्याएवढी नाही.

"बघून घाल" म्हणाली की विचारा, "आजी, काय बघून?" फेस गेलेला बघून, वास सुटलेला बघून, की डावावर थर धरलेला बघून? खरी कृती या उत्तरात असते, आणि हे ती सांगू शकते. ते तिच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करत बसू नका. भांडे कोणते आणि आच किती, तेही टिपा.

एकच पदार्थ निदान तीनदा टिपा. पावसातले ताजे तिरफळ आणि उन्हाळ्यातले सुके, नव्या आमसोलांची आणि वर्षभराच्या आमसोलांची आंबटी यांत फरक असतो, आणि आजी त्याप्रमाणे हात बदलत असते. म्हणून प्रत्येक पानावर महिना लिहा. हा पदार्थ तिने कोणाकडून घेतला, आईकडून की सासूकडून, हेही त्याच पानावर टिपा. माहेरची कडी आणि सासरची कडी एकाच नावाखाली लिहिली गेली तर पुढे दोन्हींची मापे एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही बिघडतात.