चार नावं खोडण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल परवा रात्री वाचला. अमेरिकेतल्या बालरोगाच्या नऊ रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) प्रोग्रॅमचे इंटरव्ह्यू झाले, त्यातले पाचच रँक करायचं, म्हणजे पसंतीच्या यादीत क्रमाने लिहायचं ठरवलंस आणि शेवटी विचारलंस, ‘पाच पुरतील ना, मॅडम?’ उत्तर त्याच रात्री एका ओळीत देता आलं असतं. पण उरलेली चार नावं तू का खोडलीस ते वाचून अशीच यादी भरतानाचा माझा पहिला फेब्रुवारी मला आठवला, म्हणून रविवारची वाट पाहिली आणि सवडीने लिहायला बसले.

माझ्याकडे सात इंटरव्ह्यू होते. मी चार रँक केले. खोडलेल्या तिघांपैकी एक गाव फार थंड होतं, दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव सोलापुरात कुणी ऐकलेलं नव्हतं आणि तिसऱ्या ठिकाणी माझी मुलाखत दहा मिनिटांत गुंडाळली म्हणून मला राग आला होता. मार्चमधल्या त्या सोमवारी मेल आला, मॅच झाला नाही, म्हणजे उमेदवारांच्या आणि प्रोग्रॅमच्या याद्या जुळवल्यावर मला कुठलीच जागा मिळाली नाही. उरलेल्या जागा भरायच्या ‘सोप’ नावाच्या फेरीत अर्ज केले, पण मला व्हिसा लागणार होता आणि त्यातल्या बहुतेकांना व्हिसावाले नकोच होते. गुरुवारी तेही संपलं. पुढचं वर्ष भाड्याच्या खोलीत राहून, बिनपगारी संशोधन करत काढलं. त्या तिघांपैकी कुणी मला घेतलं असतं का, हे मला कधीच कळणार नाही आणि ते अजून बोचतं.

तू लिहितेस, ‘खालची नावं टाकली तर वरच्यांच्या संधीवर परिणाम होईल, अशी भीती वाटते.’ ही भीती कुठून येते ते मला कळतं. आपण अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशापासून शिकलेलो असतो की पसंतीक्रम जपून भरायचा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यायचंच, नाहीतर पुढच्या फेऱ्या गेल्या. मग आपले मार्क किती, कटऑफ किती, असे आडाखे बांधून फॉर्म भरायचा. मॅचमध्ये हे आडाखे चालत नाहीत. तिथे सगळ्यांना लागू असणारी एकच मेरिट लिस्ट नसते, प्रत्येक प्रोग्रॅमची यादी वेगळी असते आणि ती तुला कधीच दिसत नाही.

ही मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेचा संगणक तुझ्या यादीतल्या पहिल्या नावापासून सुरुवात करतो. त्यांच्या यादीत तू असशील आणि तिथे जागा असेल, किंवा त्या यादीत तुझ्या खाली असलेल्या कुणी ती अडवली असेल, तर तुला तिथे तात्पुरतं बसवतो. नंतर तुझ्यापेक्षा वरचा कुणी आला तर तुला उठवून तुझ्या दुसऱ्या नावाकडे नेतो, मग तिसऱ्याकडे. वरच्या सगळ्यांनी नाही म्हटल्याशिवाय सहाव्या नावाकडे तो पाहतही नाही. त्यामुळे तू सहावं, सातवं, नववं नाव लिहिलंस हे पहिल्या प्रोग्रॅमला कळतही नाही आणि तुझी तिथली संधी केसभरही कमी होत नाही. 1998पासून ही पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. ती तशी रचणाऱ्यांपैकी अल्विन रॉथ यांना 2012 साली लॉइड शॅप्ली यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, कारण अशा जुळणीमागचं गणित या दोघांनी उलगडलं होतं. तेव्हा ‘ते मला किती वर ठेवतील’ याचा अंदाज बांधून क्रम लावू नकोस. इंटरव्ह्यूनंतर ‘आम्हाला तू फार आवडलीस’ असा मेल आला असेल, तर वाचून आनंद मान आणि क्रम आहे तसा ठेव. मी गेली काही वर्षं आमच्या प्रोग्रॅमच्या रँकिंगच्या बैठकीत बसते. असे मेल मनापासून लिहिलेले असतात, पण यादी ठरते त्या संध्याकाळी ते कुणाच्या समोर नसतात.

आता आकडा. अमेरिकेत शिकलेल्या मुलांना त्यांचे सल्लागार बालरोगासाठी साधारण दहा-बारा रँक सांगतात. एनआरएमपीच्या तक्त्यांत रँकची संख्या आणि मॅच होण्याची शक्यता यांचा आलेख असतो. पहिल्या काही नावांपर्यंत तो झपाट्याने चढतो, मग सपाट होत जातो. आपल्यासारख्या बाहेर शिकलेल्यांचा आलेख खालून सुरू होतो, म्हणून आपल्याला प्रत्येक नाव जास्त मोलाचं. 2024 साली बालरोगाच्या अडीचशेच्या आसपास जागा मॅचमध्ये रिकाम्या राहिल्या, हे तू ऐकलं असशील आणि कदाचित म्हणूनच पाच पुरेसे वाटले असतील. त्या बातमीवर विसंबू नकोस. जागा रिकामी राहणं वेगळं आणि ती व्हिसा लागणाऱ्या उमेदवाराला मिळणं वेगळं. पैशांचाही प्रश्न नाही, वीस नावांपर्यंत जादा शुल्क पडत नाही.

तरीही मी ‘नऊच्या नऊ टाक’ असं डोळे मिटून म्हणणार नाही, कारण मॅच बंधनकारक आहे. नाव आलं की जायचं. नंतर माघार घ्यायची तर एनआरएमपीची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. म्हणून प्रत्येक नावापाशी थांबून स्वतःला एकच विचार: तो सोमवारचा ‘मॅच झाला नाही’ असा मेल आणि हे हॉस्पिटल, यांतलं मी काय निवडेन? मेल निवडशील तर नाव खोड. एरवी राहू दे, अगदी तळाशी का होईना.

या कसोटीवर तुझी चार नावं पाहू. मिनेसोटातलं बर्फ आणि ‘पुण्यातल्या नातेवाइकांना नाव माहीत नाही’ ही कारणं तर मी लगेच परत पाठवते. तीन वर्षांत तू ब्रॉन्किओलायटिसची (छातीच्या संसर्गाची) शेकडो बाळं पाहशील, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रात्री काढशील. कुणी ते नाव ऐकलं होतं का, हे तेव्हा तुझ्या मनातही येणार नाही. तिसऱ्या ठिकाणी नवऱ्याच्या नोकरीपासून विमानाने चार तास. हे कारण खरं आहे आणि ते हलकं समजू नकोस. पण ते क्रम खाली नेण्याचं कारण आहे की नाव काढण्याचं, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. मी त्यात पडणार नाही.

चौथ्याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूची आहे. तिथल्या रेसिडेंटनी वरिष्ठ खोलीत नसताना सांगितलं की वॉर्डातल्या खाटा कमी होत चालल्या आहेत आणि आजारी मुलं दुसरीकडे पाठवली जातात. अमेरिकेत बऱ्याच हॉस्पिटलांनी मुलांचे वॉर्ड लहान केले किंवा बंद केले, ही गोष्ट खरी आहे. आजारी मूलच दिसलं नाही तर शिकणार कशावर? नवजात शिशूंमध्ये पुढे जायची तुझी इच्छा आहे, तेव्हा त्या प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला मेल करून विचार: वॉर्डात सध्या खाटा किती, एनआयसीयू कुठल्या पातळीचं, त्यासाठी दुसऱ्या हॉस्पिटलला किती महिने जावं लागतं. उत्तर टाळलं, तर खोड. सोबत नऊही ठिकाणी जे-१ व्हिसा मिळतो का, हे लेखी घे. इंटरव्ह्यूत कुणी तोंडी सांगितलेलं धरू नकोस.

फॅमिली मेडिसिनच्या दोन इंटरव्ह्यूंबद्दल तू एकाच वाक्यात लिहिलंस, म्हणून मीही थोडक्यात लिहिते. बालरोगाची सगळी नावं संपल्यावर ती ठेवलीस तर वरच्यांना धक्का लागत नाही. पण त्या वाटेने निओनेटॉलॉजीची (नवजात शिशूंच्या शाखेची) फेलोशिप मिळत नाही, तिला आधी बालरोगाची रेसिडेन्सीच लागते. कसोटी तीच, फक्त इथे ती जास्त प्रामाणिकपणे लाव.

यादी सर्टिफाय, म्हणजे ऑनलाइन पक्की करायची शेवटची वेळ ईस्टर्न टाइमप्रमाणे रात्री नऊची असते, म्हणजे तुझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. त्या सकाळची वाट पाहू नकोस. चार दिवस आधीच सर्टिफाय कर, आणि नंतर एखादं नाव वरखाली केलंस तर पुन्हा सर्टिफाय करायला विसरू नकोस, नाहीतर केलेला बदल धरला जात नाही. कन्फर्मेशनचा मेल आला की मला पाठव. त्या आठवड्यात मी रात्रपाळीला आहे. कितीही वाजता फोन केलास तरी चालेल.

तुझी,
मॅडम