परवलीचा शब्द आणि क्षेपणास्त्र

प्रश्न असा आहे: हॅकर आणि अणुयुद्धाच्या चित्रपटांना मराठी उपशीर्षके देताना ‘पासवर्ड’साठी ‘परवलीचा शब्द’ चालेल, की ‘संकेतशब्द’ लिहावा?

‘परवलीचा शब्द’च लिहा. या शब्दाची वाट लावली ती ‘विकास हा आजचा परवलीचा शब्द झाला आहे’ असे लिहिणाऱ्यांनी. जो सगळ्यांच्या तोंडी आहे तो परवलीचा कसा? पहारेकऱ्याने अंधारात हटकले की आपल्या माणसाने सांगायचा तो शब्द. बाहेर फुटला की बाद. ‘वॉरगेम्स’ (१९८३) या चित्रपटात तो अगदी याच अर्थाने येतो. लष्करी संगणकात शिरण्याची चोरवाट उघडते ती त्याच्या निर्मात्याच्या दिवंगत मुलाच्या नावाने.

आता खरी गंमत. ‘परवल’ची सोयरीक फारसी ‘परवाना’शी जुळवू पाहणारे मला मुळीच पटत नाहीत. परवाना हा कागद, तो दाखवायचा. परवल ही बोलायची. माझ्या मते हा लष्करी इंग्रजीतला ‘पॅरोल’ आहे. तिथे पॅरोल म्हणजे पहाऱ्यावरचा गुप्त शब्दच. पॅरोलवर सुटणारा कैदीही याच घरातला, कारण तो परत येण्याचा शब्द देऊन जातो. मूळ फ्रेंच ‘पारोल’चा अर्थ नुसता ‘शब्द’. म्हणजे आपण ‘शब्दाचा शब्द’ म्हणतो आहोत!

आणखी मागे चला. ‘पारोल’ आला लॅटिन ‘पाराबोला’वरून, तो ग्रीक ‘पाराबोले’वरून. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘बाल्लेइन’ म्हणजे फेकणे. एक गोष्ट दुसरीच्या शेजारी टाकायची, म्हणजे तुलना. तुलनेवरून दृष्टांत, दृष्टांतावरून बोलणे, बोलण्यावरून शब्द. याच ‘बाल्लेइन’पासून दगड फेकणारे युद्धयंत्र ‘बॅलिस्टा’ आले आणि त्यावरून ‘बॅलिस्टिक’ क्षेपणास्त्र! पडद्यावर ‘वॉरगेम्स’मधला हॅकर पोरगा परवल टाइप करतो आणि पुढे भिंतीएवढ्या नकाशावर क्षेपणास्त्रांच्या रेषा सरकू लागतात, तेव्हा एकाच धातूची दोन लेकरे समोरासमोर उभी असतात. हे लक्षात आल्यापासून मला तो प्रसंग निराळाच दिसतो.

पटकथाकार मात्र एक घोळ घालतात. त्यांच्याकडे परवल ओळखली की क्षेपणास्त्र सुटते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांजवळच्या कार्डावरचा संकेत क्षेपणास्त्र उडवत नाही. आदेश देणारा माणूस तोच आहे, एवढेच तो पटवतो. पहारेकऱ्याचा जुना प्रश्न तसाच आहे: कोण आहे तिकडे?

‘संकेतशब्द’ चुकीचा नाही, पण त्यात हा पहारेकरी दिसत नाही.