डेबियनवर पॅकेज अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामची टेस्ट कधी पास होते, कधी फेल. काय करावं?

तुमचा प्रोग्राम ॲप्टमार्फत (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) पॅकेज अपग्रेड करतो आणि कोडला हात न लावताही टेस्ट मधूनच फेल होते, असं तुम्ही लिहिलंय. दोष बहुधा कोडचा नाही. टेस्ट खऱ्या मिररवर, म्हणजे डेबियनची पॅकेजं पुरवणाऱ्या सर्व्हरवर, चालते आणि तिथली पॅकेजं बदलत राहतात. तुमच्या ताब्यातली, चार-पाच पॅकेजांची रेपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) उभारा.

पॅकेजं खरी नसली तरी चालतं. नाव, व्हर्जन, डिपेंडन्सी एवढंच असलेली रिकामी डेब फाइल (डेबियन पॅकेजची फाइल) इक्विव्हज-बिल्ड या टूलने बनते. व्हर्जन मुद्दाम अडचणीचे घ्या: १.९, १.१० आणि १.१०~आरसी१. डेबियनच्या हिशेबात १.१० हे १.९ च्या पुढचं आणि टिल्डवालं (~ चिन्हाचं) १.१० च्या मागचं. तुमचा कोड व्हर्जनची तुलना साध्या स्ट्रिंगसारखी करत असेल, तर इथेच पकडला जाईल.

आता डेब फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याच फोल्डरमध्ये उभं राहून डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस चालवा; त्यातून पॅकेजेस ही यादीची फाइल बनते. दुसरीकडून चालवलंत तर पॅकेजेस फाइलमधले पाथ चुकतात आणि इन्स्टॉल करताना ४०४ येतो. मल्टिव्हर्जन ऑप्शन द्याच. तो नसला तर यादीत फक्त सर्वांत नवं व्हर्जन येतं, मग अपग्रेड तपासणार कशावरून? त्यानंतर ॲप्ट-एफटीपीआर्काइव्हने रिलीज फाइल, आणि जीपीजीने सही करून इनरिलीज, म्हणजे सहीसकट रिलीज. रिलीजमध्ये पॅकेजेस फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो, म्हणून एक डेब बदलली तरी तिन्ही फाइली याच क्रमाने पुन्हा बनवायच्या.

ॲप्टच्या सोर्सच्या नोंदीत ट्रस्टेड=यस लिहून सही टाळू नका, असं मी आग्रहाने सांगेन; सहीची तपासणीच टेस्टमधून निसटते. सहीसाठी वेगळी की बनवा, त्याच नोंदीतल्या साइन्ड-बाय मध्ये तिच्या पब्लिक भागाचा पाथ द्या, त्या फाइलची परमिशन ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशी) ठेवा. ॲप्ट सही तपासतं ते रूट म्हणून नव्हे, त्यामुळे ६०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी) असेल तर की वाचताच येत नाही.

फोल्डर सर्व्ह करायला पायथनचा एचटीटीपी सर्व्हर पुरतो. टेस्ट ज्या डॉकर कंटेनरमध्ये चालते, त्यातली डेबियन डॉट सोर्सेस फाइल (तिच्यात खऱ्या मिररचे पत्ते असतात) काढून टाका आणि डॉकरचं नेटवर्क इंटर्नल ठेवा, म्हणजे चुकूनही काही बाहेरून येणार नाही.

खरी कमाई पुढे आहे: रेपॉझिटरी मुद्दाम बिघडवा. एक डेब उडवा, पॅकेजेस फाइलमधलं एक अक्षर बदला, रिलीजमध्ये व्हॅलिड-अनटिल (मुदतीची तारीख) कालची टाकून पुन्हा सही करा. शेवटी सर्व्हरच बंद करा. तेव्हा ॲप्ट-गेट अपडेट नुसती वॉर्निंग देऊन एक्झिट कोड ० परत करतं, आणि तुमचा प्रोग्राम जुन्या यादीवर निवांत पुढे जातो! डेबियन ११ पासून एरर-ऑन=एनी हा ऑप्शन आहे; तो दिला की हेच फेल्युअर म्हणून कळतं.

खऱ्या पॅकेजांवर एक टेस्ट हवीच असेल, तर स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्गची (जुन्या तारखांच्या पॅकेजांचा संग्रह) एक तारीख पक्की करा. जुन्या तारखेच्या सिक्युरिटी रिलीजची मुदत संपलेली असते, म्हणून चेक-व्हॅलिड-अनटिल फॉल्स करावं लागतं. ते फक्त त्याच कंटेनरमध्ये करा.