मांजराच्या चित्राला गिऱ्हाईक कुठून आणू?

प्रश्न : 2022 च्या जानेवारीत माझ्या मुलाने चष्मेवाल्या मांजराचं एक एनएफटी (डिजिटल चित्राच्या मालकीची ऑनलाइन नोंद) 70 हजारांना घेतलं. आज साइटवर किंमत नऊ हजार दिसते, पण विकायला लावूनही कोणी घेत नाही. विकावं की थांबावं? त्याला यंदा शेअरमध्ये नफा झालाय, त्यातून हा तोटा वजा होईल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सरळ आणि कडू आहे. नाही होणार. एप्रिल 2022 पासून एनएफटीच्या नफ्यावर 30 टक्के कर, वर सेस. आणि तोटा मात्र कशातूनच वजा होत नाही, अगदी दुसऱ्या एनएफटीच्या नफ्यातूनही नाही. पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. जुलै आला की दादरच्या आमच्या ऑफिसात ‘मॅडम, तोटा दाखवा ना’ म्हणणारे येतातच. विकलं असेल तर रिटर्नच्या व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) शेड्यूलमध्ये दाखवावं लागतंच, पण त्याने कर एक रुपयाही कमी होत नाही. त्यामुळे करासाठी विकायची घाई नको.

आता ते नऊ हजार. ती बहुतेक फ्लोअर प्राइस असावी, म्हणजे त्या मालिकेतल्या सर्वांत स्वस्त विक्रेत्याने लावलेला भाव. देणाऱ्याचा नव्हे, मागणाऱ्याचा! मुलाला ‘ऑफर’चा रकाना उघडायला सांगा, तो रिकामा असेल तर भावच नाही. शिवाय किंमत सहसा इथर या क्रिप्टो चलनात असते. इथर वर गेला की कोणी काही न घेताही रुपयातला आकडा फुगतो.

मार्च 2021 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या डिजिटल चित्रकाराची एनएफटी कलाकृती 6.93 कोटी डॉलरला गेली आणि सगळे धावले. त्याच महिन्यात ट्विटरचा सहसंस्थापक जॅक डॉर्सी याचं पहिलं ट्वीट एनएफटी म्हणून 29 लाख डॉलरला विकलं गेलं. वर्षभराने मालकाने ते 4.8 कोटी डॉलरना विकायला काढलं, तर लिलाव संपताना सर्वांत मोठी बोली होती 280 डॉलरच्या आसपास. घेणारे बहुतेक पुढे विकायलाच घेत होते, त्यामुळे 2022 मध्ये इथर कोसळला तेव्हा शेवटच्या माणसाच्या हातात चित्र उरलं. तेही धड चित्र नाही, नोंद. कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, आणि फाइल कोणाच्या खासगी सर्व्हरवर असेल तर तो बंद पडला की मांजरही गेलं.

माझं मत : गॅस फी (व्यवहार नोंदवण्याचं शुल्क) आणि साइटचं कमिशन जाऊन काही हाती उरेल अशी ऑफर आली तर त्याच दिवशी विका. नाही आली तर राहू दे वॉलेटमध्ये, वाट पाहत आणखी पैसे मात्र घालू नका. आणि ‘तुमचं एनएफटी आम्ही घेतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ किंवा ‘वॉलेटचे बारा शब्द सांगा’ (म्हणजे वॉलेटची गुप्त किल्लीच) असा फोन आला तर उत्तर न देता ठेवून द्या.